चारचौघांसारखे बूट

चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक बूट पायात घालतं, दोन पावलं चालतं आणि सांगतं, "इथं चावतोय, दुसरा दाखवा." दुकानदाराचं निम्मं काम तिथंच होतं. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक असं कधीच सांगत नाही. ते म्हणतं, "छान आहे, काही त्रास नाही." आणि त्याच वेळी त्याच्या करंगळीची कातडी आतल्या शिवणीवर घासत असते.

मैसूरच्या एका इस्पितळात मधुमेही लोकांच्या पायांसाठी बूट-चपला बनवण्याच्या विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. बरीच वर्षं शुगर राहिली की काही जणांच्या पायांची जाणीव जाते. आधी मुंग्या येतात, आग होते आणि मग एक दिवस तेही थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं, दुखणं गेलं. खरं तर दुखणं सांगणारा निरोप्या गेलेला असतो. अशा पायाला बूट लागला तर फोड येतो, फोडाची जखम होते, आणि शुगरमुळं जखम भरत नाही. पुढचं सांगायला नको.

माझे वडील गडहिंग्लजला तेलाच्या गिरणीत हमाल होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी माझा फॉर्म स्वतः भरला, माझ्यासोबत एसटीनं शहरात आल्या आणि प्रवेश होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरले नाही. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांची पदवी, असं काहीतरी लांबलचक नाव घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "म्हणजे बूट शिवायचे?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "शीक. कुणाला तरी नीट चालता येईल."

लग्न करून मैसूरला आले, तेव्हा सासरच्या मराठीत निम्मे शब्द कानडी. मला वर्षभर वाटायचं, ही माणसं माझ्याशी मराठीत कधी बोलणार? ती बोलतच होती.

कामाच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठी अडचण पायांची नव्हती, मानाची होती. मी माप घ्यायला खाली बसले की वयस्क पुरुष पाय आखडून घ्यायचे. "अय्यो, बाईमाणसानं पाय धरायचा नाही." बायका तर माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादच देऊन टाकायच्या. दिवसाला पंधरा-वीस आशीर्वाद मिळायचे. ते सगळे फळले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

एक निवृत्त बँक कारकून आठवतात. ते एकदा पाच जोड बूट पिशवीत भरून आले आणि माझ्या टेबलावर ओळीनं मांडले.

"यातले कुठले बरे, तुम्हीच सांगा. सगळे एकदम कम्फर्टेबल आहेत."

"कशावरून?"

"हात घालून बघितलं की! पायाला माझ्या काही कळत नाही. हाताला तर कळतं." आणि त्यांनी दोन्ही हातांत बूट घालून माझ्या टेबलावर चालून दाखवलं. "दुकानातल्या पोरी हसतात. हसू देत."

मला हसू आलं. पाय गेला म्हणून माणसानं हाताला कामाला लावलं होतं. पण हाताची बोटं कुठंही वळतात, पायाच्या बोटांना ती मुभा नसते. मी त्यांना कागदावर उभं केलं, पेन्सिल सरळ धरून पायाची आकृती काढली आणि कात्रीनं कापून ती एका बुटात सरकवली. कागद पुढच्या बाजूला दोन्हीकडून वर वळला. बाकीच्या चारही बुटांत तेच. त्यांनी वळलेला कागद बोटानं दाबून बघितला.

"म्हणजे माझा पाय आत असा दुमडत होता?"

"हो."

"आणि मी फिरायला जाऊन येऊन बायकोला सांगत होतो, काय सुंदर बूट आहेत म्हणून."

वाचणाऱ्यांपैकी कुणाला शुगर असेल तर एवढं करावं. पाय संध्याकाळकडं थोडे फुगतात, म्हणून माप तेव्हा, उभं राहून घ्यावं. कागद कापून बुटात घालून बघावा. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, वर बोटं टेकणार नाहीत एवढी उंची हवी, आत शिवण किंवा खिळा नको. आणि रोज घालण्याआधी आत हात फिरवावा. त्यासाठी मात्र हात उत्तम.

आमच्या विभागात सिद्धराजू नावाचे कारागीर होते. कन्नडशिवाय एक अक्षर बोलायचे नाहीत आणि कन्नडही फारसं बोलायचे नाहीत. मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळवा कापायचा, त्यावर पायाच्या साच्याप्रमाणे उंचसखल दुसरा थर बसवायचा, जिथं जखम झाली होती तिथला भार बाजूला वळवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. मी कागदावर मिलिमीटर लिहून द्यायचे. ते अंगठ्यानं दाबून बघायचे आणि माझा आकडा खोडायचे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

या रबराची एक गोष्ट सांगायला हवी. ते पहिल्यांदा कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी वापरलं गेलं. त्यांच्याही पायांची जाणीव जाते. त्या माणसांच्या पायांवर शिकलेलं ज्ञान आज आमच्या कामाला येतं, पण जुन्या लोकांना त्या चपला ओळखू येतात. काळं रबर, रुंद पट्टे, मागं बंद. अशी चपल पुढं केली की समोरच्या चेहऱ्यावर पडदा पडतो.

मेष्ट्रूंच्या चेहऱ्यावर तो तसाच पडला.

मेष्ट्रू म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. सगळं गाव त्यांना तेवढंच म्हणायचं. मैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, पूर्वज राजाच्या फौजेत, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. स्वतः शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. सत्तरीतही पाठ ताठ. डाव्या अंगठ्याखालची जखम चार महिन्यांनी भरली होती आणि डॉक्टरांनी त्यांना खाली माझ्याकडं पाठवलं होतं. जाणीव तपासायला नायलॉनचा बारीक धागा मी त्यांच्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. डोळे मिटून त्यांनी एकदाही 'हो' म्हटलं नाही.

"टेकवलास काय, मगळे?" त्यांनी विचारलं. मगळे म्हणजे लेकी. पहिल्या दिवसापासून ते मला तसंच म्हणायचे.

"टेकवला. दहा वेळा."

"सुम्ने सांगतेस." म्हणजे, उगीच सांगतेस. मग डोळे उघडून त्यांनी धागा बघितला आणि विषय बदलला.

मी आमच्या चपला दाखवल्या. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "बेडा. मला नको. हे घालून मी बाहेर पडलो तर लोक काय म्हणतील? मेष्ट्रूला तो रोग झाला?"

"मेष्ट्रे, त्या रोगाला आता औषध आहे. आणि तुम्हाला तो नाही."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. बाजारात उभ्या माणसाला ठाऊक आहे काय?" ते खुर्चीवरून उठायला लागले. "तीस वर्षं मी पोरांचे बूट तपासले, मगळे. पॉलिश नसलं की मैदानाला एक चक्कर. आता हे घालून त्यांच्यासमोर जाऊ? माझे आहेत ते बूट बरे."

त्यांचे होते ते बूट म्हणजे टोकाला निमुळते, कडक चामड्याचे. ते घालून गेले असते तर दोन महिन्यांत परत जखम. शारदाक्का, त्यांची पत्नी, दाराजवळ उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिनं नुसते हात जोडले.

मी म्हटलं, "बसा. चारचौघांसारखे करून देते."

तेव्हा गावात तपकिरी रंगाचे, मऊ कातडीचे, सैलसर बूट निघाले होते. कॉलेजातल्या मुलापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांच्या पायात तेच. मी मेष्ट्रूंच्या पायापेक्षा खोल आणि रुंद जोड शोधून आणला. सिद्धराजूंनी त्यातला मूळ तळवा काढला, आतली शिवण सपाट केली, आपल्या रबराचे दोन थर बसवले आणि अंगठ्याखाली खोलगट जागा ठेवली. बाहेरून बघून कुणालाही काही कळलं नसतं. आम्ही चार दिवस त्या एका जोडावर होतो.

सिद्धराजूंची एक सवय होती. काम पुरं झालं की बुटाच्या टाचेवर बाहेरून पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालायचे. आपल्या हातचा माल ओळखू यावा म्हणून. मेष्ट्रूंनी ते टाके बघितले आणि विचारलं, "हे काय? इस्पितळाचा शिक्का?"

मी सिद्धराजूंना म्हटलं, "काढून टाका."

"राहू दे, मेडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आपली खूण आहे."

"पेशंटला नको आहे. काढा."

त्यांनी ब्लेडनं टाके उसवले. भोकंसुद्धा दिसू नयेत म्हणून त्यावर तपकिरी मेण चोळलं. त्यांच्या कामात खोट काढायची सोय नव्हती.

पुढचं दीड वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात आनंदाचं असावं. मेष्ट्रू चालायला लागले. सकाळी तलावाकाठी, संध्याकाळी बाजारात. गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या परदेशी पोरांना रस्त्यात थांबवून ते सरळ उभं राहायला शिकवायचे. दर तीन महिन्यांनी यायचे, पाय टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ, फर्स्ट क्लास!" खरंच तसा असायचा. नव्या मुलींना शिकवताना मी त्यांच्या बुटांचे फोटो दाखवायचे. म्हणायचे, पेशंटला लाज वाटणार नाही असं काम करा, मग तो ते वापरेल. मला अजूनही वाटतं की हे खरं आहे. म्हणूनच पुढचं पचत नाही.

एका सोमवारी मेष्ट्रू मैसूरजवळच्या नंजनगूडला देवाला गेले. देवळात जाताना पायांत जाड मोजे ठेवा, दगड तापलेला असतो, हे मी बजावून सांगितलं होतं. ते त्यांनी पाळलं. गर्दी फार होती, म्हणून बूट त्यांनी बाहेर एका फुलवालीच्या गाड्याखाली काढले. तिथं आणखी पंचवीस जोड होते. दर्शन करून आले, गाड्याखालून तपकिरी जोड ओढला, घातला, गाडीनं घरी आले. मंगळवार, बुधवार, गुरुवार नेहमीसारखे फिरले. शुक्रवारी शारदाक्कानं मोजे धुवायला घेतले, तर उजव्या मोज्याचं टोक लाल आणि कडक.

शनिवारी सकाळी दोघं माझ्याकडं आले. मेष्ट्रू जरा ओशाळलेले. "मगळे, तुझा बूट पहिल्यांदा चावला बघ."

आजवर उजव्या पायाला कधी काही झालं नव्हतं. दोन बोटांची वरची कातडी निघाली होती आणि टाचेला रुपयाएवढा खड्डा पडला होता. मी बूट उचलला, सवयीनं आत हात घातला आणि हात तिथंच थांबला. आत पातळ स्पंज होता. आमचे रबराचे थर नव्हते. मी तो सिद्धराजूंकडं दिला. त्यांनी टाच बघितली, तळवा दाबला, उलटा केला.

"इदु नम्दल्ल," ते म्हणाले. हा आपला नाही.

"आपला नाही म्हणजे?" शारदाक्कानं विचारलं.

"दुसऱ्या कुणाचा आहे. एक नंबर लहान."

एक नंबर लहान बूट घालून माणूस चार दिवस गावभर हिंडला होता आणि त्याला कळलं नव्हतं. तुम्ही आम्ही गाड्यापासून दहा पावलंसुद्धा गेलो नसतो.

"रोज आत हात घालत होता ना, मेष्ट्रे?" मी विचारलं.

"घालत होतो की. खडा नव्हता, खिळा नव्हता. तळवा पातळ लागला. पण तूच म्हणाली होतीस, वापरून वापरून तळवा बसतो. म्हटलं, बसला."

मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे मी दुसऱ्याचे बूट उचलून आणले?"

"चुकून झालं."

"चुकून झालं तरी चोरीच ना, अल्वा? आमच्या घराण्यात कुणी—"

"आता पायाचं बघायचंय," शारदाक्का जवळजवळ ओरडली. "बुटांचं राहू द्या."

डॉक्टरांनी पट्टी केली, औषधं दिली आणि सांगितलं की पाय खाली टेकवायचा नाही, आठ दिवस पलंगावर. मीही तेच सांगितलं. तो परका जोड त्यांनी मागून घेतला आणि पिशवीत घातला. मी दिला. माझ्या मनात काहीच आलं नाही.

सोमवारी शारदाक्का भाजी आणायला बाहेर पडल्यावर मेष्ट्रू पट्टीवर रबरी चपल अडकवून बसस्टँडला गेले आणि नंजनगूडची बस धरली. ज्याचे बूट होते तो दर सोमवारी देवाला येत असेल, असा त्यांचा हिशेब. फुलवालीच्या गाड्याजवळ दुपारभर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तपकिरी जोडाकडं बघत, पिशवी हातात घेऊन. फुलवालीनं स्टूल दिलं, तर म्हणाले, बसलो तर पाय दिसत नाहीत. माणूस आला नाही. संध्याकाळी जोड फुलवालीकडं ठेवून ते परत आले. पट्टी ओली आणि काळी झाली होती.

बुधवारी ताप चढला. त्या आठवड्यात दोन बोटं काढली, नंतर अर्धं पाऊल, आणि तेही पुरलं नाही. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

वॉर्डात मी त्यांना भेटायला गेले, पलंगाजवळ स्टूल ओढलं. तेच म्हणाले, "माझा जोड कुणाच्या तरी पायात असेल, मगळे. त्याला बरं वाटत असेल, अल्वा? मऊ आहे तो."

मी म्हटलं, "असेल."

"त्याला कळायला पाहिजे होतं ना? त्याच्या पायाला तर कळत असणार."

त्या माणसाला मी दोष देत नाही. गर्दीत त्याला आपल्यासारखाच जोड मिळाला, थोडा सैल, पण मऊ. त्यानं कशाला परत यावं? मी रागावले ती स्वतःवर. पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके. खाली वाकून मेष्ट्रूंनी ते नक्की बघितले असते. बुटांची टाच तपासणं ही तीस वर्षांची सवय होती त्यांची.

सिद्धराजूंनी त्यावर मला कधीच एक शब्द सुनावला नाही. त्यानंतर मात्र ते प्रत्येक बुटावर टाके घालू लागले, आणि पेशंट कितीही नको म्हणाला तरी मी ते काढायला सांगितलं नाही. काही जण त्या खुणेमुळं बूट न घेताच गेले. त्यातल्या दोघांचे पाय नंतर वर वॉर्डात बघितले. म्हणजे खूण ठेवली तरी चूक, काढली तरी चूक. सव्वीस वर्षांत यातून वाट सापडली नाही. लोकांना वाटतं, अनुभवानं माणूस शहाणा होतो. मला फक्त दोन्हीकडचे पाय दिसायला लागले.

मेष्ट्रूंसाठी आम्ही कृत्रिम पाय केला. डाव्या पायासाठी आणि त्या लाकडी पावलासाठी मिळून नवा जोड केला. तपकिरी नव्हे, काळा. तो त्यांनीच मागितला. इस्पितळातल्या दोन दांड्यांमध्ये ते सहा पावलं चालले, ताठ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तीन महिन्यांनी तपासणीला यायचे ते आले नाहीत. सहा महिने झाले. शेवटी एका रविवारी मीच घरी गेले. मेष्ट्रू पुढच्या खोलीत खुर्चीवर, धोतर पायांवर ओढून. दाढी वाढलेली. मला बघून हसले, पण 'फर्स्ट क्लास' म्हणाले नाहीत.

"चालता ना, मेष्ट्रे?"

"चालतो की."

शारदाक्का आतून बाहेर आली. कॉफीचा पेला माझ्या हातात देताना तिनं नजर खाली ठेवली.

"रोज?"

"कुठं जायचं आहे, मगळे?" ते शांतपणे म्हणाले. "देवाला जाऊन आलो."

निघताना दाराबाहेरच्या मांडणीवर तो काळा जोड दिसला. चकाकत होता. शारदाक्का म्हणाली, रोज सकाळी मागून घेतात, मांडीवर ठेवून पॉलिश करतात आणि परत ठेवायला सांगतात.

मी एक बूट उचलून उलटा केला. माप चुकू नये म्हणून सिद्धराजू नव्या बुटाच्या तळव्यावर बाहेरून खडूनं पेशंटचा नंबर लिहायचे. रस्त्यावर चार पावलं टाकली की तो पुसला जातो. नंबर जसाच्या तसा होता. मी बूट होता तसा ठेवला, आत मेष्ट्रूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.